वीस माशांत एकच हॅप्लोटाइप भलतीकडे गेला, तर काय तपासावं?

गोड्या पाण्यातल्या माशांच्या मायटोकॉण्ड्रियल डीएनएवर (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणिकांच्या स्वतःच्या डीएनएवर) काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. एकाच ओढ्यातून एकाच दिवशी धरलेले, दिसायला सारखे वीस मासे. सीओआय या मायटोकॉण्ड्रियल जनुकाचे वीस सिक्वेन्स, म्हणजे बेसचे (डीएनएतल्या अक्षरांचे) क्रम, हातात येतात. असा प्रत्येक वेगळा क्रम म्हणजे एक हॅप्लोटाइप. एकोणीस एका झुबक्यात बसतात, एकमेकांपासून एक-दोन बदलांवर. विसावा मात्र पन्नास बदल दूर जाऊन बसतो. छाती धडधडते. नवी जात सापडली की काय?

हे कोडं मी इतक्या वेळा सोडवलं आहे की आता माझा क्रम ठरून गेला आहे. बहुतेक वेळा दोष फाइलीत, लेबलात, प्लेटीत किंवा कात्रीत निघतो. पण काही वेळा तो मासा खरंच सांगत असतो, आणि घाईने त्याचा सिक्वेन्स काढून टाकला तर त्या नदीच्या इतिहासाचं एक पान आपणच फाडतो. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या, मग एका पीसीआरच्या (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याच्या) खर्चाच्या, आणि महिने व पैसे खाणाऱ्या सगळ्यात शेवटी.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

- एखादा मासा स्वतःच्या जातीचा झुबका सोडून दुसऱ्याच जातीच्या झुबक्यात बसतो, किंवा कुठेच बसत नाही.
- सीओआय किंवा सायटोक्रोम बी (दुसरं मायटोकॉण्ड्रियल जनुक) प्रथिनात भाषांतरित केलं की मधेच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन थांबवणारी तीन अक्षरं, येतो.
- अलाइनमेंटमध्ये (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून मांडले की) एका-दोन बेसची गॅप पडते आणि तिथून पुढे सगळं बिघडतं.
- क्रोमॅटोग्राममध्ये (सिक्वेन्सिंग यंत्राने काढलेल्या शिखरांच्या आलेखात) एकाच जागी दोन शिखरं दिसतात.
- जवळजवळ प्रत्येक माशाचा हॅप्लोटाइप वेगळा, आणि फरक बहुतेक सिक्वेन्सच्या टोकांना.
- कंट्रोल रीजन (मायटोकॉण्ड्रियल डीएनएचा प्रथिन न बनवणारा भाग) ठरावीक जागेपर्यंत स्वच्छ वाचला जातो, मग एकदम गढूळ होतो.
- दिसायला स्पष्ट वेगळ्या दोन जातींचा हॅप्लोटाइप तंतोतंत एकच.

आधी क्रोमॅटोग्राम उघडा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. तरीही ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, कारण प्रयोगशाळेकडून मजकुराची फाइल आलेली असते आणि ती थेट अलाइनमेंटमध्ये टाकता येते. तसं करू नका. मूळ ट्रेस फाइल, म्हणजे क्रोमॅटोग्राम, मागून घ्या.

का, ते आकड्यांत पाहा. क्यू20 दर्जा म्हणजे शंभर बेसमागे एक चूक. माशांच्या बारकोडचा, म्हणजे जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआयचा, नेहमीचा तुकडा 655 बेसचा असतो. त्यातले सगळे बेस क्यू20 ला असतील तर सहा-सात चुका होणारच. आता खरा फरक किती असतो? 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 207 जातींच्या माशांवर झालेल्या बारकोडिंगच्या कामात एका जातीच्या आतलं सरासरी अंतर 0.39 टक्के निघालं, म्हणजे 655 मध्ये दोन-तीन बेस. थोडक्यात, साधारण दर्जाच्या वाचनात चुकाच खऱ्या फरकाच्या दुप्पट होतात. ते मासे बहुतेक समुद्रातले होते, पण हिशोब गोड्या पाण्यालाही लागू पडतो. क्यू30 ला मात्र हजारात एक चूक, आणि मग आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

सँगर या सिक्वेन्सिंगच्या पद्धतीत पहिले तीस-चाळीस बेस खराबच येतात आणि सातशेच्या पुढे शिखरं पसरट होत जातात. सुरुवातीच्या शंभरेक बेसमध्ये कधीकधी रंगद्रव्याचा रुंद फुगा येतो. सॉफ्टवेअर त्याला बेस समजून वाचतं. टोकं निर्दयपणे कापा. प्रायमरचा (पीसीआर सुरू करून देणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याचा) भागही कापा, कारण त्या भागात माशाचा नाही, आपणच विकत आणलेल्या प्रायमरचा क्रम वाचला जातो. एम13 शेपटी (सिक्वेन्सिंगसाठी जोडलेला ठरावीक क्रम) असलेले प्रायमर वापरले असतील तर ती शेपटी राहिली नाही ना, तेही पाहा.

माझा एक नियम आहे: जो बदल एकाच माशात दिसतो, तो प्रत्येक बदल मी दोन्ही दिशांच्या ट्रेसवर डोळ्यांनी पाहते. फॉरवर्डमध्ये शिखर टोकदार आणि रिव्हर्समध्ये त्याच जागी दुसराच बेस असेल, तर ती जागा मी अनिश्चित म्हणूनच नोंदवते. एका दिशेच्या वाचनावर नवा हॅप्लोटाइप उभा करायचा नाही.

पूर्ण प्लेटच गढूळ असेल तर इथेच थांबा. कच्च्या फाइली सिक्वेन्सिंग करणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवा आणि त्यांच्या तंत्रज्ञाशी बोला. नवे प्रायमर मागवून हा प्रश्न सुटत नाही.

भाषांतर करा, पण योग्य तक्त्याने

स्टॉप कोडॉन दिसला की लोक घाबरतात. निम्म्याहून अधिक वेळा चूक सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सापडली आहे. मायटोकॉण्ड्रियाची भाषा पेशीकेंद्रकापेक्षा थोडी वेगळी आहे. पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉण्ड्रियासाठी तक्ता क्रमांक 2 वापरायचा. त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, एटीए म्हणजे मेथिओनिन, आणि एजीए व एजीजी हे स्टॉप. सर्वसाधारण तक्त्यात टीजीए हाही स्टॉप असतो.

हे सीओआयच्या अगदी पहिल्याच ओळीत दिसतं. बहुतेक माशांत बारकोडच्या तुकड्याची सुरुवात ल्युसिन, टायरोसिन, ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलनिन, ग्लायसिन, ॲलनिन, ट्रिप्टोफॅन, ॲलनिन अशी वाचली जाते. यातला ट्रिप्टोफॅन जीसीसी आणि जीसीसी यांच्या मधोमध टीजीए म्हणून बसलेला असतो. चुकीचा तक्ता लावलात की आठव्याच अमिनो आम्लावर स्टॉप. शिवाय 655 ला तिनाने भाग जात नाही. वाचन दुसऱ्या बेसपासून सुरू करावं लागतं. पहिल्यापासून सुरू केलंत तर सगळाच कचरा दिसेल.

तक्ता आणि चौकट (कुठल्या बेसपासून तीन-तीन वाचायचे) दोन्ही बरोबर असूनही मधे स्टॉप येत असेल, किंवा तिनाच्या पटीत नसलेली गॅप पडत असेल, तर ते गंभीर लक्षण आहे. श्वसनाच्या साखळीतलं हे प्रथिन मधेच तुटलं तर मासा जगणार नाही. मग एकतर वाचन चुकलं आहे किंवा हा तुकडा मायटोकॉण्ड्रियाचाच नाही. पहिली शक्यता ट्रेसवर लगेच कळते, दुसरीचं पुढे येतंच. सायटोक्रोम बी पूर्ण वाचलं असेल तर शेवटी नुसता टी किंवा टीए दिसून घाबरू नका. माशांत हे अपूर्ण स्टॉप नेहमीचं आहे. आरएनएला शेपटी जोडली जाताना ते पूर्ण होतं.

फरक कुठे पडले आहेत ते मोजा

हीही फुकटची तपासणी, आणि मला सगळ्यात आवडणारी. खऱ्या मायटोकॉण्ड्रियल जनुकात बदल मुख्यतः कोडॉनच्या तिसऱ्या जागी पडतात, कारण तिथे बेस बदलला तरी अमिनो आम्ल बहुधा तेच राहतं. आणि बदल जास्त करून ए-जी किंवा सी-टी असेच असतात. दूर गेलेल्या माशाचे पन्नास बदल समोर मांडा. त्यातले पंचेचाळीस तिसऱ्या जागी असतील तर तो सिक्वेन्स कुठल्यातरी जिवंत माशाच्या मायटोकॉण्ड्रियाचा आहे. प्रश्न एवढाच उरतो की कुठल्या माशाचा. तिन्ही जागी सारखे विखुरलेले असतील तर तो निकामी जनुकाची प्रत असण्याची शंका घ्या. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या किंवा फार जुन्या नमुन्यांत सी च्या जागी टी अशा बदलांचा सुकाळ दिसला, तर तो डीएनए कुजण्याचा परिणाम आहे.

हॅप्लोटाइपांच्या नात्याचं जाळं, म्हणजे नेटवर्क, काढणाऱ्या सॉफ्टवेअरचाही इथेच विचार करा. डीएनएएसपी गॅप किंवा गहाळ बेस असलेल्या जागा आपोआप वगळतं, आणि पॉपआर्ट पाच टक्क्यांहून जास्त अनिश्चित जागा झाकून टाकतं. एक आखूड सिक्वेन्स आत घेतला की सगळ्यांचे टोकाकडचे फरक गायब होतात आणि हॅप्लोटाइपांची संख्या बदलते. सगळे सिक्वेन्स एकाच लांबीचे कापून पुन्हा चालवा. दोन सॉफ्टवेअर दोन आकडे देत असतील तर कारण बहुधा हेच असतं.

डेटाबेसमध्ये शोधा, पण पहिल्या नावावर थांबू नका

जेनबँक आणि बोल्ड या दोन्ही ठिकाणी सिक्वेन्स टाकून पाहा. तुमच्या माशाचा सिक्वेन्स जिवाणूशी, गोगलगायीशी किंवा माणसाशी जुळला तर प्रश्न मिटला. दुसऱ्या माशाशी जुळला तर सावकाश. पहिल्या निकालाचं नाव चुकीचं असू शकतं, कारण तो मासा ओळखणाऱ्यानेही चूक केलेली असू शकते. वरचे वीस निकाल पाहा, ते किती वेगवेगळ्या कामांतून आले ते पाहा, आणि ज्यांचा मूळ मासा संग्रहालयात जपलेला आहे त्यांना जास्त वजन द्या.

नावं बदललेलीही असतात. 2012 मध्ये दक्षिण आशियातल्या पुंटियस वंशाची फोड होऊन डॉकिन्सिया, पेथिया, सिस्टोमस अशी नावं आली. जुनी नोंद पुंटियस म्हणते, नवी पेथिया म्हणते, मासा तोच. हा कागदावरचा फरक आहे, डीएनएतला नाही.

लेबल, प्लेट, फोटो

आता खुर्चीतून उठायचं. दूर गेलेल्या नमुन्याची बाटली शोधा, मासा बाहेर काढा, फोटोशी ताडून पाहा. लहान पिल्लं असतील तर विशेष सावध राहा. अनेक जातींची बोटभर पिल्लं अनुभवी माणसालाही फसवतात. खवल्यांच्या ओळी, पराच्या काट्यांची संख्या, मिशा आहेत की नाहीत, हे पुन्हा मोजा. मासा जपूनच ठेवला नसेल आणि परांचे तुकडेच उरले असतील, तर हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. मी म्हणूनच प्रत्येक जागेवरून निदान काही मासे पूर्ण जपायचा आग्रह धरते.

जातीबद्दल खात्री वाटत नसेल तर थांबा आणि वर्गीकरणतज्ज्ञाला मासा दाखवा. फोटो पुरेसा नसतो, मासाच हवा.

मासा बरोबर आहे? मग प्लेटचा नकाशा काढा. 96 खान्यांची प्लेट उलटी, म्हणजे अर्धी फिरवून ठेवली, की ए1 जागी एच12 येतं, ए2 जागी एच11. एकदा माझ्या एका कामात चार मासे एकाच वेळी चुकीच्या जातीत गेले होते. दोन दिवस प्रायमरना दोष देऊन झाल्यावर मी कागदावर 8 ओळी आणि 12 रकाने आखले आणि कोणता सिक्वेन्स कुणाशी जुळतो ते बाणांनी जोडलं. सगळे बाण प्लेटच्या मधल्या बिंदूतून गेले. ज्या माशांच्या जागी समोरूनही त्याच जातीचा नमुना आला होता ते सगळे बिनतक्रार जुळले होते. मिश्र जाती होत्या तिथेच चूक उघडी पडली. तेव्हापासून एका कोपऱ्यातला खाना मी मुद्दाम रिकामा ठेवते. प्लेट फिरली तर रिकामा खाना भलत्या कोपऱ्यात निघतो.

पुन्हा डीएनए काढा

इथून पैसे लागतात, पण अजून थोडेच. त्याच नळीतला जुना डीएनए पुन्हा वापरून उपयोग नाही. भेसळ त्यातच असेल तर तेच उत्तर पुन्हा येईल. माशाचा नवा तुकडा घ्या, शक्यतो आतला स्नायू, आणि नव्या ब्लेडने.

भेसळ कशी दिसते ते सांगते. एका ट्रेसमध्ये बऱ्याच जागी दुहेरी शिखरं होती, एक उंच आणि त्याच्या पायथ्याशी एक बुटकं. बुटक्या शिखरांचे बेस तेवढे लिहून काढले, तर ते यादीतल्या त्याच्या आधीच्या माशाशी जागोजाग जुळले. ती दुसरी जात होती. दोन माशांच्या मधे कात्री नुसती पुसली होती. ज्योतीवर धरली नव्हती की ब्लीचमध्ये बुडवली नव्हती. पहिल्या माशाचा चिकट थर दुसऱ्याच्या परावर गेला. खरी हेटेरोप्लाझ्मी, म्हणजे एकाच माशात दोन प्रकारचे मायटोकॉण्ड्रिया, एक-दोन जागी दुहेरी शिखर दाखवते. वीस-पंचवीस जागी दिसली, आणि त्या जागा दोन जातींमधल्या फरकाच्याच निघाल्या, तर ती भेसळ समजा.

पराच्या तुकड्याचा एक खास धोका आहे. गोड्या पाण्यातल्या अनेक शिंपल्यांची अळी माशाच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढते. भिंगाखाली ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. फोल्मर यांच्या 1994 च्या प्रायमरसारखे सर्वांना चालणारे प्रायमर वापरले तर शिंपल्याचा सीओआयही वाढू शकतो. अशा ठिकाणी माशांसाठी बनवलेले प्रायमर आणि आतला स्नायू हे दोन्ही वापरा.

कोरे, म्हणजे माशाचा काहीही अंश न घातलेले, नमुने दोन ठेवा. एक डीएनए काढण्याच्या पायरीपासून सुरू होणारा, दुसरा फक्त पीसीआरचा. पहिल्यात जेलवर डीएनएची पट्टी आली आणि दुसऱ्यात नाही, तर भेसळ डीएनए काढण्याच्या रसायनांत किंवा टेबलावर आहे. दोन्हींत आली तर पीसीआरचं पाणी, प्रायमर, एन्झाइम सगळं फेकून नवं उघडा. हा खर्च वाचवायचा नसतो.

दुसरे प्रायमर लावा

नवा डीएनए, स्वच्छ कोरे नमुने, आणि तरीही तोच विचित्र सिक्वेन्स? आता नम्ट तपासा. मायटोकॉण्ड्रियाचे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकात जाऊन बसतात आणि तिथे निकामी होऊन स्वैर बदलत राहतात. सस्तन प्राण्यांच्या मानाने माशांत ते कमी सापडतात, पण नसतातच असं नाही. पेशीत मायटोकॉण्ड्रियाच्या प्रती शेकडो-हजारो आणि केंद्रकातली प्रत जेमतेम दोन. मग नम्ट जिंकतो कसा? प्रायमर बसण्याच्या जागी खऱ्या मायटोकॉण्ड्रियात बदल झाला असेल तर प्रायमर तिथे नीट चिकटत नाही आणि जुनाट प्रतीला पकडतो. माशांच्या लाल रक्तपेशींना केंद्रक असतं, म्हणून रक्तातून काढलेल्या डीएनएत हा धोका वाढतो. स्नायूतून कमी.

उपाय सरळ आहे: वेगळ्या जागी बसणारी दुसरी जोडी लावा, किंवा मायटोकॉण्ड्रियाचा बराच लांब तुकडा एकसंध वाढवा. माशाचा पूर्ण मायटोकॉण्ड्रियल जीनोम सुमारे साडेसोळा हजार बेसचा, 37 जनुकांचा. त्यातला अर्धा तुकडा सलग आला तर तो बहुधा नम्ट नाही, कारण केंद्रकातले तुकडे सहसा छोटे असतात.

कंट्रोल रीजन मधेच गढूळ होत असेल तर नम्टच्या मागे लागू नका. तिथे पुनरावृत्त तुकडे असू शकतात आणि एकाच माशात त्यांची संख्या वेगवेगळी असते. पांढऱ्या स्टर्जनमध्ये 82 बेसचा तुकडा असा कमी-जास्त वेळा आलेला 1990 पासून माहीत आहे. सायटोक्रोम बी वापरा, काम पुढे न्या.

आणि तरीही तोच निकाल आला तर

दोनदा वेगळा काढलेला डीएनए, दोन प्रायमर जोड्या, निर्दोष भाषांतर, खात्रीने ओळखलेला मासा. इथे पीसीआर थांबवा. आता तो सिक्वेन्स खरा धरायचा, आणि प्रश्न मायटोकॉण्ड्रियल डीएनएच्या आवाक्याबाहेर गेला आहे, कारण तो फक्त आईचा वारसा सांगतो. रोहू आणि कटल्याचा संकर घ्या: सीओआय त्याला आईच्या जातीचं नाव देईल आणि बापाबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

अशा माशामागे खऱ्या गोष्टी असतात. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या एका तळ्यातल्या ब्रूक ट्राउटमध्ये आर्क्टिक चारचा मायटोकॉण्ड्रियल जीनोम पूर्णपणे प्रस्थापित झालेला आढळला, आणि ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. बाहेरून ब्रूक ट्राउट, मायटोकॉण्ड्रिया दुसऱ्या जातीचा. युरोपातल्या ब्राउन ट्राउटच्या पाच मोठ्या मातृवंशरेषा आहेत. डॅन्यूब किंवा भूमध्य समुद्राच्या खोऱ्यात अटलांटिक रेषेचा हॅप्लोटाइप सापडला तर अनेकदा तो मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या माशांचा ठसा असतो. असा सिक्वेन्स चूक म्हणून वगळला तर त्या नदीत काय मिसळलं गेलं ते कुणाला कळणारच नाही. उलट बाजूला व्हिक्टोरिया सरोवरातले सिक्लिड: 1990 मध्ये 14 जातींचे 803 बेस वाचले तेव्हा त्यांच्यातला एकूण फरक माणसांमधल्या फरकापेक्षाही कमी निघाला. तिथे दोन जातींचा हॅप्लोटाइप एकच असणं अगदी स्वाभाविक आहे. जाती इतक्या ताज्या आहेत की वंशरेषा अजून वेगळ्या झालेल्याच नाहीत.

संकर, सोडलेले मासे, की ताज्या जाती, हे ठरवायला केंद्रकातली जनुकं लागतात: आरएजी1, एस7 चा इंट्रॉन, मायक्रोसॅटेलाइट किंवा जीनोमभरातले हजारो बिंदू. हे एकट्याने करू नका. लोकसंख्या-आनुवंशिकीत काम करणाऱ्या माणसाला गाठा आणि जाताना कच्चे ट्रेस, प्लेटचा नकाशा, कोऱ्या नमुन्यांचे जेल-फोटो, जपलेला मासा आणि धरल्याची जागा-तारीख सोबत न्या. हे नसेल तर तेही पहिल्या पायरीपासूनच सुरू करतील.

तपासणीत आधीच प्रसिद्ध केलेला सिक्वेन्स चुकीचा निघाला, तर जेनबँकला त्याच दिवशी कळवा. नोंद दुरुस्त करायचा अधिकार ती दाखल करणाऱ्यालाच असतो, आणि तोवर तो चुकीचा हॅप्लोटाइप दुसऱ्या कुणाच्या तरी शोधात वरच्या वीस निकालांत येत राहतो.